पालिकेची सूचना आधी पालिकेच्या दारात लावा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त यांस,

सादर नमस्कार.

आपल्या महापालिकेने अलीकडे काढलेल्या एका परिपत्रकाबद्दल हे पत्र आहे. पाणीपुरवठा बंद, रस्ते बंद, लसीकरण, मालमत्ता करातली सवलत, प्रभाग समितीच्या बैठका अशा सगळ्या सूचना यापुढे पालिकेच्या व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवरून आणि एक्सवरच्या (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरच्या) अधिकृत खात्यावरून दिल्या जातील, असे त्यात म्हटले आहे. संकेतस्थळावरचे ‘सूचना फलक’ हे पान ‘यापुढे अद्ययावत केले जाणार नाही’. तक्रार करायची तर ते खाते टॅग करा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटबॉटवर लिहा. या सगळ्याला परिपत्रकात ‘नागरिकाभिमुख’ असे विशेषण लावले आहे.

मला हा निर्णय मान्य नाही. साधे पत्र लिहून आवक विभागात देता आले असते आणि तेही दिले आहे. पण असे परिपत्रक आज आपल्याकडे निघाले, उद्या शेजारच्या शहरात निघेल. म्हणून हे जाहीर पत्र, आणि म्हणूनच त्यात शहराचे नाव घातलेले नाही. आपल्याला ते ठाऊक आहेच.

मी नोकरीने भूगोलाची शिक्षिका, आणि दुसऱ्या कोणी घेतले नाही म्हणून आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव. सचिवाचे निम्मे काम पाण्याचे असते, हे आपल्या पाणीपुरवठा विभागाला मी सांगायला नको. उद्या पाणी येणार नाही हे आज दुपारी कळले, तर पंप लावून वरची टाकी भरून घेता येते आणि टँकरवाल्याला वेळेत फोन करता येतो. तेच रात्री उशिरा कळले, तर सकाळी सहाला चौथ्या मजल्यावरचे आजोबा बादली घेऊन खाली उभे असतात आणि तोवर टँकरचा भाव चढलेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या गटावर एक चित्र फिरत आले. वर पालिकेचे बोधचिन्ह, खाली लाल अक्षरांत ‘उद्या शहराच्या पूर्व भागात पाणीपुरवठा बंद’. तारीख नव्हती. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढताना कुणाच्या तरी हातून वरची ओळ कापली गेली होती. अर्ध्या इमारतीने पिंपे भरायला घेतली. मी शहानिशा करायला पालिकेचे एक्सवरचे पान उघडले. माझे तिथे खाते नाही, आणि खाते नसलेल्याला तिथे ताज्या पोस्टी क्रमाने दिसत नाहीत. सगळ्यात वर होता एका स्वच्छता मोहिमेच्या उद्घाटनाचा फोटो, दोन आयुक्तांपूर्वीचा. प्रभाग कार्यालयाचा फोन लागला, कोणी उचलला नाही. ते चित्र आदल्या वर्षीचे होते, हे मला संध्याकाळी टँकरवाल्याने सांगितले. पालिकेची सूचना खरी की शिळी हे पालिकेऐवजी टँकरवाल्याला विचारावे लागते, यात गंमत नाही. त्याचा धंदाच त्या उत्तरावर चालतो.

तेव्हा निदान संकेतस्थळावरचे पान तरी होते, रडतखडत का होईना. आता तेही बंद.

माझी पहिली तक्रार या दाराबद्दलच आहे. २०२३च्या जूनअखेरीस त्या वेळच्या ट्विटरने खाते नसलेल्यांना मजकूर दाखवणेच काही काळ थांबवले. त्याच दिवसांत खातेदारांनाही दिवसाला किती पोस्टी वाचता येतील याची मर्यादा घातली. पैसे न भरणाऱ्या साध्या खात्याला सुरुवातीला ६००. यातला एकही निर्णय कोणत्या पालिकेला विचारून झाला नाही, आणि व्हायचे कारणही नव्हते. ती खाजगी कंपनी आहे, जागा तिची आहे. माझा आक्षेप कंपनीला नाही. आपली सूचना त्या जागेत आणि फक्त त्या जागेत टांगणाऱ्या कार्यालयाला आहे.

आपण महसुली कामातून वर आला असाल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५० आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. फेरफाराची नोंद तलाठ्याने चावडीत ठळक जागी लावायची असते. गावात किराणा दुकानात माणसे जास्त जमतात, म्हणून नोंद तिथेच लावा, आणि आत येणाऱ्याने आधी दुकानदाराच्या वहीत नाव, फोन नंबर लिहावा, असे त्या कायद्याने म्हटलेले नाही. चावडीत कोणीही येऊ शकतो, तिची वेळ आणि जागा सरकारच्या हातात असते, आणि कागद कोणी फाडला तर जाब कोणाला विचारायचा हे ठरलेले असते. फोनच्या पडद्यावर यातली एकही गोष्ट बदलायचे कारण मला दिसत नाही.

दुसरी तक्रार चित्रांची. पालिकेच्या सूचना आता मजकूर म्हणून येतच नाहीत. रंगीत फ्रेम, कोपऱ्यात पदाधिकाऱ्यांचे फोटो, आणि मधे उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत खरी माहिती. आमच्या तळमजल्यावर एक तबल्याचे शिक्षक राहतात, त्यांना दिसत नाही. फोन पडद्यावरचे वाचून दाखवतो त्यावर त्यांचे सगळे चालते, बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत. पालिकेची सूचना आली की त्यांचा फोन ‘प्रतिमा’ एवढेच म्हणतो आणि गप्प बसतो. मग ते मला किंवा वॉचमनला विचारतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती सुगम्य हवी असे लिहिले आहे, आणि त्यासाठी काही कोटींची यंत्रणा लागत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनला वाचता येणाऱ्या अक्षरांत टाइप केलेल्या चार ओळी लागतात. (परिपत्रकाची पीडीएफसुद्धा जुन्या फाँटमध्ये आहे. त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की अक्षरांचा नुसता चिवडा होतो. हे पत्र लिहिताना मला त्यातली वाक्ये हाताने टाइप करावी लागली.)

तिसरी तक्रार दप्तराची. व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ मध्ये चॅनेल सुरू केले, तेव्हा चॅनेलवरचा मजकूर आपल्या सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंतच ठेवू, असे कंपनीने स्वतःच सांगितले होते. गप्पांसाठी ते ठीकच आहे. पण माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणाला दप्तर सूचीबद्ध ठेवायला सांगते, आणि लोकांनी अर्ज करायची वाट न पाहता माहिती आपणहून खुली करायला सांगते. मागच्या मार्चमध्ये आमच्या भागात किती दिवस पाणी बंद होते, त्यातले किती दिवस आधी कळवले होते, हे मला तपासायचे असेल तर कुठे पाहू? चॅनेलवर बोट वर सरकवत बसू? आणि पालिकेवर कोणी दावा केला, तर आपला विधी अधिकारी कोर्टात काय दाखवणार?

चौथी तक्रार मला सगळ्यात मोठी वाटते, म्हणून तिच्यावर थोडी थांबते. पालिकेने आपला आवाज दुसऱ्याच्या हातात दिला आहे, आणि त्या दुसऱ्याचे पालिकेशी काही बांधिलकीचे नाते नाही.

न्यूयॉर्कची लोकल आणि बस चालवणारी एमटीए ही सरकारी संस्था. गाड्यांच्या उशिराच्या सूचना ती वर्षानुवर्षे ट्विटरवर आपोआप टाकत असे. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरला कंपनी घेतली, आणि २०२३च्या सुरुवातीला संगणकाने पोस्ट टाकण्याची फुकट सोय बंद करून तिला भाव लावला. एमटीएच्या वाट्याला येणारा आकडा महिन्याला ५०,००० डॉलरपर्यंत जाईल अशा बातम्या होत्या. एप्रिलच्या अखेरीस एमटीएने तिथे सूचना देणे थांबवले. मग ओरड झाली, कंपनीने सार्वजनिक सेवांना सूट दिली, आणि मे महिन्यात त्या सूचना परत सुरू झाल्या. एमटीएचे निभावले, कारण तिचे स्वतःचे संकेतस्थळ आणि अ‍ॅप चालू होते. आपण तर आपले पान बंद करून मोकळे झालात.

कॅनडाचे उदाहरण याहून बोलके आहे. बातम्यांचे पैसे मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी वृत्तसंस्थांना द्यावेत असा कायदा तिथे झाला, आणि तो पटला नाही म्हणून मेटाने (फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप यांची मालक कंपनी) ऑगस्ट २०२३ पासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॅनडातल्या लोकांना बातम्या दाखवणे बंद केले. त्याच महिन्यात उत्तरेकडच्या यलोनाइफ शहराजवळ वणवा आला आणि सुमारे २०,००० लोकांचे सगळे शहर रिकामे करावे लागले. कोणता रस्ता सुरू, कोणता बंद, याची स्थानिक बातमी माणसे एकमेकांना फेसबुकवर पाठवू पाहत होती, पण दुवा उघडत नव्हता. कायदा बरोबर होता की कंपनी, हा वाद बाजूला ठेवू. आग शहराच्या वेशीवर आलेली असताना हा वाद त्या माणसांच्या फोनमध्ये का असावा?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम सुमारे सहा तास बंद पडले होते, हे आपल्या लक्षात असेलच. २५ ऑक्टोबर २०२२ ला व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा दोनेक तास गेले, ऐन दिवाळीत. यंत्र आहे, बिघडायचेच. मात्र पुढच्या वेळी ते जुलैतल्या एखाद्या अतिवृष्टीच्या रात्री बिघडले, आणि धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना त्याच रात्री द्यायची असली, तर आपल्या आपत्ती कक्षाकडे दुसरा मार्ग कोणता आहे? परिपत्रकात तो नाही.

पाचवी गोष्ट थोडक्यात. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने वापरणाऱ्यांच्या माहितीबद्दलचे आपले धोरण बदलले. ‘मान्य करा, नाहीतर अ‍ॅप सोडा’ असा त्याचा सूर होता. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याबद्दल मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. पुढे अपील न्यायाधिकरणाने आयोगाच्या आदेशातला, जाहिरातींसाठी डेटा देण्यावरच्या पाच वर्षांच्या बंदीचा भाग काढला, दंड मात्र कायम ठेवला. ज्या कंपनीच्या ‘मान्य करा’ला देशाच्या एका वैधानिक संस्थेने सक्ती म्हटले, तिच्याच दारातून गेल्याशिवाय मला माझ्या नळाची तक्रार नोंदवता येऊ नये, हे मला पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅप न वापरणारी माणसे आपल्या शहरात आहेत. काही म्हातारी आहेत, काहींकडे बटणांचा फोन आहे, आणि काहींनी विचार करून ते काढून टाकले आहे. घरपट्टी सगळेच भरतात.

आता जरा माझ्या स्वतःच्या अनुभवाचे. शहरातल्या जुन्या विहिरी आणि बारवांच्या नोंदी करणारा आमचा एक गट आहे. रविवारी सकाळी टेप, दोरी आणि कॅमेरा घेऊन निघायचे, व्यास मोजायचा, पाण्याची पातळी पाहायची, पायऱ्या, कोनाडे, शिलालेख असेल तर त्याचा फोटो, आणि विहीर कोणाच्या नावावर आहे हे शेजारच्या एखाद्या आजींना विचारायचे. ही सगळी माहिती आम्ही एका मोठ्या कंपनीच्या व्यासपीठावर, आमच्या समूहात जमा करत होतो. एके दिवशी समूह दिसेनासा झाला. नियमभंग झाला, एवढाच संदेश आला. कोणता नियम, कोणती पोस्ट, काही नाही. अपिलाचा फॉर्म भरला, पोच आली, उत्तर आले नाही. फोन करावा असा नंबर नाही, जाऊन उभे राहावे असे कार्यालय नाही. सरकारी कार्यालयाला आपण नावे ठेवतो, पण तिथे निदान खिडकी असते आणि खिडकीमागे माणूस असतो.

त्या उन्हाळ्यात आपल्याच पाणीपुरवठा विभागातल्या एका कनिष्ठ अभियंत्यांनी आमच्याकडे विहिरींची यादी मागितली होती. उपसा करून टँकर भरता येतील अशा विहिरी त्यांना हव्या होत्या. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जे उरले होते ते गोळा करून दिले. पायऱ्यांचे फोटो बरेच मिळाले. पाण्याच्या पातळीच्या नोंदी पोस्टींखालच्या चर्चेत लिहिलेल्या होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच.

त्यानंतर गटातल्या दोन तरुण मुलांनी स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर उभा केला आणि आम्ही सगळे तिकडे गेलो. आपल्या कार्यालयात हा शब्द फारसा ऐकलेला नसेल, म्हणून सांगते. मॅस्टोडॉन हे मुक्त, म्हणजे कोणालाही घेऊन वापरता आणि बदलता येणारे सॉफ्टवेअर आहे, ऑयगेन रोखको या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये आणलेले. दिसायला ट्विटरसारखेच, मालकी मात्र एका कंपनीकडे नाही. ईमेलचे जसे, आपला पत्ता सरकारी, माझा दुसऱ्या कुठल्या कंपनीचा, तरी पत्र पोचते, तसेच इथे वेगवेगळ्या माणसांचे, संस्थांचे हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात. त्यांच्या बोलण्याची रीत, अ‍ॅक्टिव्हिटीपब, जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने मानक म्हणून जाहीर केली. या सगळ्या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. एका सर्व्हरचा चालक पटला नाही तर आपले अनुयायी बरोबर घेऊन दुसरीकडे जाता येते. आणि कोणी काय लिहिले हे वाचायला सहसा खाते लागत नाही, दुवा उघडला की झाले.

मराठी माणसाला हे अगदीच परके वाटू नये. मायबोली हे मराठी संकेतस्थळ घ्या, ती १९९६ पासून स्वतःच्या पत्त्यावर उभी आहे. तिच्यानंतर आलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. ही दोन्ही समाजमाध्यमे गूगल या जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीची होती. ऑर्कुटवरच्या मराठी समूहांत रात्र रात्र चाललेल्या चर्चा आज वाचायच्या म्हटल्या तर कुठे वाचणार?

आमचा सर्व्हर म्हणजे रामराज्य नाही, हेही लिहिले पाहिजे. कोणी शिवीगाळ केली तर ती पोस्ट काढायची की नाही हे रात्री अकरा वाजता मलाच ठरवावे लागते. बॅकअप घेणारा मुलगा परीक्षेत अडकला की आमच्या जिवाला घोर. तिथले खाजगी संदेश चालकाला वाचता येतात, म्हणून गुपिते तिथे लिहू नका, असे आम्ही पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे. सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणजे वापरणारे सज्जनच असतील असेही नाही. द्वेष पसरवण्यासाठी बदनाम असलेल्या ‘गॅब’ या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये हेच सॉफ्टवेअर उचलले, आणि इतर असंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी बोलणे तोडले. भारतातही एकदा लाट आली होती. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने निलंबित केल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये बरेच लोक रागाने मॅस्टोडॉनवर गेले, आणि त्यातले बहुतेक हळूहळू परतले. मला तरी त्याचे कारण उघड दिसते. रेल्वे, पोलीस, हवामान खाते, पालिका, वर्तमानपत्रे, सगळे ट्विटरवरच होते. माणसे तिथेच राहणार जिथे त्यांच्या नळाची बातमी मिळते.

म्हणूनच ‘लोक जिथे आहेत तिथे आम्ही जातो’ हे आपल्या जनसंपर्क विभागाचे उत्तर मला अर्धेच पटते. जा ना. अवश्य जा. पण लोक तिथे का आहेत, याचे एक कारण आपण स्वतः आहात.

‘मग एखादे स्वदेशी अ‍ॅप घेऊ’ असेही कोणी सुचवील. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकार आणि ट्विटर यांची जुंपली, तेव्हा मंत्री आणि मंत्रालये कू या भारतीय अ‍ॅपवर गेली होती. कू जुलै २०२४ मध्ये बंद पडले. कंपनी बंगळूरची होती म्हणून त्या खात्यांवरच्या घोषणा टिकल्या नाहीत. मालक देशी की परदेशी हा प्रश्न आहेच, पण एकच मालक असावा का, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.

आणि हे जगात कोणी करत नाही अशातला भाग नाही. जर्मनीच्या संघीय डेटा संरक्षण आयुक्तांचे कार्यालय २०२० पासून सरकारी कार्यालयांसाठी मॅस्टोडॉन सर्व्हर चालवते. नेदरलँड्सच्या सरकारने २०२३ मध्ये आपला सुरू केला. युरोपीय डेटा संरक्षण पर्यवेक्षकांचा ‘ईयू व्हॉइस’ हा प्रयोग एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला आणि मे २०२४ मध्ये बंद झाला, कारण तो पुढे चालवायला दुसरी संस्था उभी राहिली नाही. हे उदाहरण मुद्दाम देते. सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते चालवायची जबाबदारी कोणाची हे मात्र कागदावर ठरवावे लागते.

आपल्या देशातही पाया आहे. केंद्राचे खुल्या मानकांचे धोरण २०१० चे आहे, मुक्त सॉफ्टवेअरचे २०१५ चे. सरकारी कामाचा ईमेल खाजगी सेवेवरून करायचा नाही, असे केंद्राच्या ईमेल धोरणाने २०१४ मध्येच सांगितले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही इशारे देणारी यंत्रणा कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल या खुल्या मानकावर चालते. तिचे इशारे कोणाचेही यंत्र घेऊ शकते. पत्रव्यवहाराला जो नियम लावला, तो जाहीर सूचनेला लावायला हरकत नसावी.

तेव्हा मागण्या. एकही अशी नाही की जिच्यासाठी निविदा काढून वर्षभर थांबावे लागेल.

सगळ्यात आधी, परिपत्रकातले संकेतस्थळाविषयीचे वाक्य मागे घ्या आणि सूचना फलकाचे पान पुन्हा सुरू करा. प्रत्येक सूचना प्रथम तिथे, युनिकोड मराठी मजकुरात, सूचनेचा क्रमांक, तारीख, वेळ आणि प्रभागांची नावे घालून, न बदलणाऱ्या दुव्यावर लावा. सूचना दुरुस्त केली तर जुनी पुसू नका, दुरुस्ती खाली लिहा. त्या पानाला आरएसएस फीड द्या, म्हणजे नवी सूचना लागली की ती कोणाच्याही यंत्राला आपोआप घेता येईल. ते दिले की आमच्यासारख्या सोसायट्या, स्थानिक वर्तमानपत्रे, महाविद्यालयातली पोरे आपापली सोय आपणच करतील, पालिकेला एकही अ‍ॅप बनवावे लागणार नाही.

मग एक्स, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, जिथे वाटेल तिथे तीच सूचना टाका, फक्त खाली मूळ दुवा द्या, म्हणजे फिरत आलेले चित्र ताजे की शिळे हे एका बोटाने तपासता येईल. ही खाती बंद करा असे मी म्हणत नाही. ज्यांना ती सोयीची आहेत त्यांची सोय का काढायची? मूळ प्रत पालिकेकडे आणि नक्कल कंपनीकडे, एवढाच क्रम हवा.

पालिकेच्या स्वतःच्या पत्त्यावर एक छोटा फेडिव्हर्स सर्व्हर सुरू करा. सुरुवातीला पाणीपुरवठा, आपत्ती कक्ष आणि आरोग्य ही तीन खाती पुरेत. नागरिकांना त्यावर खाती द्यायची गरज नाही, ती डोकेदुखी आपण घेऊ नये. सर्व्हर पालिकेच्या पत्त्यावर असला की खाते खरे की तोतया हे निळ्या खुणेवरून ओळखावे लागत नाही, पत्ताच साक्ष देतो. तो कोण चालवणार, त्या अधिकाऱ्याचे पद परिपत्रकात लिहा. आमच्या गटातली मुले दोन दिवस येऊन मांडणी करून द्यायला तयार आहेत, मोबदला न घेता. नंतरची देखभाल मात्र पालिकेच्याच माणसाने करावी, आमच्या परीक्षा असतात.

तक्रार नोंदवायला कोणत्याही कंपनीचे खाते लागता कामा नये. संकेतस्थळावरचा साधा फॉर्म, चालू असलेला फोन आणि प्रभाग कार्यालयातली खिडकी या तिन्ही ठिकाणी तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे. टॅग करून केलेल्या तक्रारीलाही तोच क्रमांक द्या. नाहीतर ज्याचे अनुयायी जास्त त्याच्या गल्लीतला खड्डा आधी बुजतो, हे आपण सगळे पाहतोच आहोत.

आजवर या खात्यांवर जे प्रसिद्ध झाले ते सगळे उतरवून पालिकेच्या दप्तरात जमा करा, खाते चालू आहे तोवरच. चॅटबॉट ज्या करारान्वये चालतो तो करार, त्याचा खर्च, आणि नागरिकांनी लिहिलेले कोणाकडे किती काळ राहते, हे प्रसिद्ध करा. आणि प्रभाग कार्यालयाबाहेरच्या लाकडी फलकावर सूचनेचा छापील कागद रोज लावा. आमच्या प्रभागातल्या त्या फलकाची काच शाबूत आहे, कुलूपही आहे. किल्ली कोणाकडे आहे हे शिपायालाही माहीत नव्हते, तेवढी शोधायला सांगा.

या पत्राची छापील प्रत आवक विभागात देऊन पोच घेतली आहे. लोकशाही दिनासाठी, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याच्या दिवसासाठी, विहित नमुन्यातला अर्जही दोन प्रतींत दिला आहे, त्याच्या सोबत आपल्या परिपत्रकाची आणि त्या बिनतारखेच्या चित्राची प्रत जोडली आहे. त्या दिवशी, सोमवारी, मी, तबल्याचे शिक्षक आणि सर्व्हर सांभाळणारा मुलगा असे तिघे येऊ. आपल्या पाणीपुरवठा आणि संगणक विभागाच्या प्रमुखांना त्या वेळी हजर राहायला सांगावे, ही विनंती.

आपली नम्र,
सचिव, एक गृहनिर्माण संस्था
(आणि विहिरी मोजणाऱ्या गटाची सभासद)